ग्रंथालयात शोध कसा घ्यावा, हे विद्यार्थ्यांना शिकवणार कोण आणि केव्हा?

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

चार वर्षांच्या पदवी अभ्यासक्रमात संशोधन प्रकल्प आला आहे, पदवीच्या मुलांनाही क्षेत्रप्रकल्प करून त्याचा अहवाल लिहावा लागतो आणि पदव्युत्तर वर्गात 'संशोधन पद्धती' हा ४ श्रेयांकांचा (क्रेडिटचा) विषय शिकवला जातो. या बदलांचे मी मनापासून स्वागत करते. परंतु ज्या विद्यार्थ्याकडून आपण संशोधनाची अपेक्षा करतो, त्याला ग्रंथालयात जाऊन एखाद्या विषयाचा शोध कसा घ्यायचा हे आपण कोणत्याही वर्षी, कोणत्याही तासाला शिकवत नाही. सातारा जिल्ह्यातील एका महाविद्यालयात २९ वर्षे ग्रंथपाल म्हणून काम करून मी निवृत्त झाले आहे आणि आजही आठवड्यातून दोन दिवस संदर्भ विभागात बसते. तेथे जे दिसते, त्यावरून हे पत्र लिहीत आहे.

मागच्या सत्रात माण तालुक्यातील एक विद्यार्थिनी माझ्याकडे आली. '१९७२चा दुष्काळ आणि माझे गाव' हा तिचा प्रकल्पाचा विषय होता. तिच्या आजीने त्या वर्षी रस्त्याच्या कामावर खडी फोडली होती, सुकडी खाऊन दिवस काढले होते, आणि ते सगळे ऐकत मोठी झाल्यामुळे मुलीला विषयाची खरी ओढ होती. तिने ११ संदर्भांची यादी सोबत आणली होती आणि त्यांतील लेख मिळवून द्या, अशी तिची विनंती होती. यादीतला पहिलाच लेख एका नामवंत इंग्रजी साप्ताहिकातला होता. लेखकाचे नाव, वर्ष, खंड, अंक, पृष्ठे, सर्व काही व्यवस्थित लिहिलेले होते. आमच्याकडे त्या साप्ताहिकाचे बांधीव खंड असल्याने आम्ही दोघींनी १९७३चा खंड खाली काढला, धूळ झटकली आणि दिलेले पान उघडले. त्या पानावर साखर कारखान्यांवरील भलताच लेख होता. खंडाची वार्षिक सूची पाहिली, तर त्या लेखकाचे नाव त्यात कोठेही नव्हते. दुपारपर्यंत आम्ही सगळी यादी तपासली. ११ पैकी सहा संदर्भ अस्तित्वातच नव्हते.

ही यादी तिने मोबाइलवरच्या एआयला प्रश्न विचारून मिळवली होती. तिने लबाडी केली असे मला क्षणभरही वाटले नाही. शिक्षकांनी संदर्भ जोडायला सांगितले, यंत्राने संदर्भासारखे दिसणारे काहीतरी दिले आणि तिने ते वहीत उतरवून घेतले. संदर्भ म्हणजे आपण स्वतः हातात घेतलेला, उघडून वाचलेला आणि दुसऱ्याला पुन्हा सापडेल अशा रीतीने नोंदलेला मजकूर, हे पंधरा वर्षांच्या शिक्षणात तिला कोणीच सांगितले नव्हते. यादी खोटी निघाल्यावर तिचा चेहरा पडला आणि तिने विचारले, "मग बाई, मी शोधायचं कुठे?" माझ्या मते विद्यापीठांनी उत्तर द्यायला हवे तो प्रश्न हाच आहे.

त्याचे उत्तर एका वाक्यात देता येत नाही, म्हणून तो एक शिकवण्याचा विषय आहे. तिने संकेतस्थळांवर आणि आमच्या तालिकेत, म्हणजे ग्रंथालयातील पुस्तकांच्या यादीत, मराठीत 'दुष्काळ' आणि इंग्रजीत 'फॅमिन' हे दोनच शब्द घालून पाहिले होते आणि शासकीय अहवाल म्हणून तिला जवळजवळ काहीच मिळाले नव्हते. ते मिळणारही नव्हते, कारण महाराष्ट्र शासनाने १९६३ साली खास कायदा करून राज्याला लागू असलेल्या कायद्यांतून 'फॅमिन' हा शब्दच वगळला होता. त्यानंतरच्या सरकारी कागदपत्रांत मराठीत 'टंचाई' आणि इंग्रजीत 'स्केअर्सिटी' हे शब्द वापरलेले आढळतात. या दुष्काळाच्या संदर्भात नेहमी उल्लेख होतो त्या सुखटणकर समितीच्या १९७३च्या अहवालाच्या नावातही 'स्केअर्सिटी' हाच शब्द आहे. शोधाचा शब्द बदलल्याबरोबर तिच्यासमोर कागद येऊ लागले. 'रोजगार हमी' हा शब्द घातल्यावर तिला केंद्राच्या २००५च्या कायद्याचीच माहिती पुनःपुन्हा मिळत होती. महाराष्ट्राची योजना त्याच्या कितीतरी आधीची आहे, तिचा कायदा १९७७चा आहे आणि तो २६ जानेवारी १९७९ रोजी अमलात आला, एवढे कळल्यावर तिने शोधाला वर्षांची मर्यादा घातली आणि त्या योजनेचे जनक वि. स. पागे यांच्या नावाने शोध घेतला. आजीच्या तोंडचे 'सुकडी', 'मिलो' (तेव्हा मिळणारी परदेशी ज्वारी), 'खडीचं काम' हे शब्द तिला आठवणींपर्यंत आणि कथा-कवितांपर्यंत घेऊन गेले, तर 'पाझर तलाव', 'नाला बंडिंग' हे कचेरीतले शब्द तिला अहवालांपर्यंत घेऊन गेले. लोक एक शब्द वापरतात, सरकार दुसरा वापरते आणि अभ्यासक तिसरा, आणि शोध घेणाऱ्याला हे तिन्ही ठाऊक असावे लागतात.

हेच कपाटांच्या बाबतीतही घडते. ड्यूई दशांश वर्गीकरणानुसार, म्हणजे प्रत्येक विषयाला अंक देऊन, मांडलेल्या ग्रंथालयात दुष्काळावरील पुस्तके एका जागी नसतात. महाराष्ट्राच्या इतिहासाची पुस्तके ९५४.७९२ या वर्गांकाखाली असतात, अन्नटंचाईची ३६३.८ खाली, शेतीची ६३० मध्ये, आणि दुष्काळावरील मराठी कादंबरी ८९१.४६ मध्ये जाते. त्या मुलीला वर्गांक म्हणजे पुस्तकाच्या पाठीवर चिकटवलेला कुठलातरी नंबर वाटत होता, आणि दाखलअंक (पुस्तक ग्रंथालयात नोंदवताना मिळणारा अनुक्रमांक) व वर्गांक यांतला फरकही तिला माहीत नव्हता. तिला दोष देता येत नाही. आपल्याकडील बहुतेक महाविद्यालयांत आजही खिडकीवर मागणीची चिठ्ठी द्यायची आणि सेवक आणून देईल ते पुस्तक घ्यायचे अशी पद्धत आहे. विद्यार्थी कपाटांपर्यंत पोहोचतच नाही, त्यामुळे हव्या असलेल्या पुस्तकाच्या शेजारी कोणती पुस्तके उभी आहेत हे त्याला कधी दिसत नाही. विद्यार्थ्यांना थेट कपाटांपर्यंत जाऊ देणारी मुक्तद्वार पद्धत सुरू केली की पुस्तके हरवतात, ही भीती मी अनेक वर्षे ऐकली आहे. आम्ही ती पदव्युत्तर विद्यार्थ्यांपुरती सुरू केली, तेव्हा काही पुस्तके हरवलीही. तरीही तो निर्णय मी आज पुन्हा घेईन.

मराठीतून शोध घेणाऱ्यासमोर आणखी काही अडचणी असतात आणि इंग्रजीतल्या कोणत्याही मार्गदर्शक पुस्तकात त्यांचा उल्लेख नसतो. अनेक महाविद्यालयांच्या संगणकीय तालिकेत मराठी पुस्तकांची नावे रोमन लिपीत भरलेली आहेत, आणि नोंद करणारा जसा बदलत गेला तसे एकाच शब्दाचे स्पेलिंगही बदलत गेले. 'ज्ञानेश्वर' हे नाव तीन तऱ्हांनी लिहिलेले मी आमच्याच तालिकेत पाहिले आहे. ती चूक आम्हा ग्रंथपालांचीच आहे आणि ती दुरुस्त व्हायला हवी, पण तोपर्यंत विद्यार्थ्याने तिन्ही तऱ्हांनी शोधून पाहायला शिकले पाहिजे. शुद्धलेखनाचे नियम १९६२ मध्ये बदलले, १९७२ मध्ये त्यांत भर पडली, आणि त्याआधीच्या छापील मराठीत 'ग्रंथांत', 'महाराष्ट्रांतील', 'कांहीं' असे अनुस्वार सर्वत्र आहेत. जुन्या पुस्तकांच्या संगणकीय प्रतींत आजच्या लेखनाप्रमाणे शब्द घातला, तर तो डोळ्यांसमोर छापलेला असूनही यंत्राला सापडत नाही. गेल्या पंचवीस-तीस वर्षांत युनिकोडपूर्व, म्हणजे संगणकाला अक्षरे मराठी म्हणून ओळखता येत नाहीत अशा जुन्या, फॉन्टमध्ये टंकलेल्या मराठी प्रबंधांचीही तीच गत आहे. पडद्यावर स्वच्छ मराठी दिसते, पण शोधाच्या चौकटीत मराठी शब्द टाकला की उत्तर शून्य येते. अशा वेळी अनुक्रमणिका उघडून पाने चाळण्याखेरीज गत्यंतर नसते, आणि शून्य उत्तराचा अर्थ 'माहितीच नाही' असा होत नाही हे विद्यार्थ्याला एकदा तरी शेजारी बसून दाखवावे लागते. जुन्या पुस्तकावर नुसता शके असेल तर त्यात ७८ मिळवून इसवी सन काढायचा, ही लहानशी गोष्टही आज पदव्युत्तर वर्गातल्या मुलांना माहीत नसते.

आपल्या भाषेत शोधाची साधने नाहीत, असा समज मी शिक्षकांकडूनही ऐकला आहे आणि त्याचे मला फार वाईट वाटते. शंकर गणेश दाते यांनी १८०० ते १९३७ आणि १९३८ ते १९५० या काळातील छापील मराठी ग्रंथांची सूची करून ठेवली आहे. एकोणिसाव्या शतकातील प्रवासवर्णनांवर प्रबंध लिहिणारा एक विद्यार्थी दुसऱ्या वर्षाच्या शेवटी माझ्याकडे आला, तेव्हा त्याने 'दाते सूची' हे शब्दही ऐकलेले नव्हते. तिचे दोन खंड समोर ठेवल्यावर तो तीन दिवस तेथून हलला नाही. केतकरांचा ज्ञानकोश आणि दाते-कर्वे यांचा शब्दकोश आहे, वाईहून निघालेला विश्वकोश तर आता संकेतस्थळावरही वाचता येतो. जिल्हा गॅझेटियर आहेत. साताऱ्याचे इंग्रजी गॅझेटियर १८८५चे आहे, त्याची सुधारित आवृत्ती १९६३ची आहे, आणि दोन्ही शेजारी ठेवून आपल्या तालुक्यावरचे पान वाचणाऱ्या मुलाला इतिहास म्हणजे काय हे वेगळे सांगावे लागत नाही. जिल्ह्याच्या गावातील जुन्या नगर वाचनालयांत स्थानिक वृत्तपत्रांच्या फायली आहेत. दुष्काळाचा अभ्यास करणाऱ्या त्या मुलीला शेवटी सर्वांत उपयोगी पडली ती अशीच एक फाइल. त्यातील आठवडी बाजाराचे धान्यभाव तिने महिन्यागणिक उतरवून घेतले, आणि तिच्या प्रकल्पातील तो तक्ता कोठूनही उचललेला नव्हता.

यावर आज व्यवस्था काय आहे? वर्षाच्या सुरुवातीला प्रथम वर्षाच्या दोनशे मुलांना अर्ध्या तासात ग्रंथालय दाखवले जाते. वेळ, दंड, ओळखपत्र आणि मोबाइल बंद ठेवण्याची सूचना यांपलीकडे त्यात काही जात नाही, आणि ज्याच्यासमोर अजून कोणताही प्रश्न उभा नाही त्याला शोधाची रीत सांगून तशीही ती राहणार नाही. 'संशोधन पद्धती'च्या माझ्या पाहण्यातल्या अभ्यासक्रमांत गृहीतके, नमुना निवड आणि प्रश्नावली यांना भरपूर तास आहेत. 'संबंधित साहित्याचा आढावा' हे एक उपशीर्षक असते आणि ते बहुधा व्याख्या लिहून देऊन संपवले जाते. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१९मध्ये पीएच.डी.साठी संशोधन व प्रकाशन नीतीचा ३० तासांचा, २ श्रेयांकांचा अभ्यासक्रम आणला, ही चांगली गोष्ट झाली. पण पीएच.डी.पर्यंत पोहोचणारे विद्यार्थी किती, आणि तोवर लागलेल्या सवयी ३० तासांत किती सुटणार?

२०१८च्या वाङ्मयचौर्यविषयक नियमांचा एक उलटा परिणामही मी पाहिला आहे. १० टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही, ही नियमातली एवढीच गोष्ट मुलांपर्यंत पोहोचली आहे. त्यामुळे उचललेल्या परिच्छेदातले शब्द इकडेतिकडे करून टक्केवारी उतरवण्यात त्यांचे दिवस जातात, आणि ते काम पैसे घेऊन करून देणारेही उपलब्ध आहेत. अवतरण कोठे सुरू झाले, कोठे संपले, ते कोणाचे आणि कोणत्या पानावरचे, ही नोंद वाचतानाच करण्याची सवय लावली असती, तर टक्केवारीची भीती बाळगण्याचे कारणच उरले नसते.

दुसरीकडे साधनांवर मोठा खर्च होत आहे. 'एक देश, एक सदस्यता' या योजनेसाठी केंद्र सरकारने २०२५ ते २०२७ या तीन वर्षांकरिता ६,००० कोटी रुपये मंजूर केले आहेत. सुमारे ३० प्रकाशकांची जवळपास १३,००० नियतकालिके ६,३००हून अधिक शासकीय संस्थांतील विद्यार्थ्यांना त्यातून वाचता येतात. गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्राच्या 'शोधगंगा' या संकेतस्थळावर देशभरातील लाखो प्रबंध विनामूल्य आहेत. ही दारे उघडली याचा मला ग्रंथपाल म्हणून अतिशय आनंद आहे. परंतु शोधगंगेवरील प्रबंध कसा वाचायचा, म्हणजे त्याची संदर्भसूची आधी पाहायची, तीत पुनःपुन्हा येणारी चार-पाच नावे टिपायची, मूळ पुस्तकापर्यंत मागे जायचे आणि प्रबंधातले अवतरण मूळाशी ताडून पाहिल्याशिवाय वापरायचे नाही, हे कोणी शिकवले नाही, तर मुले त्या प्रबंधांतील प्रकरणेच उतरवून काढतात. तसे घडताना मी पाहिले आहे. ज्या योजनेवर हजारो कोटी खर्च होतात, तिचा वापर शिकवणाऱ्या माणसासाठी मात्र वेळापत्रकात एक तास नाही आणि अनेक महाविद्यालयांत ते पदच वर्षानुवर्षे रिकामे आहे.

हे शिकवता येते, असे मी अनुभवाने सांगते. निवृत्तीपूर्वीची सहा वर्षे अर्थशास्त्राच्या एका प्राध्यापकांबरोबर मी दर शनिवारी एक वर्ग घेत असे. बारा ते पंधरा मुले असत. अट एकच होती, प्रत्येकाने आपला स्वतःचा प्रश्न घेऊन यायचे. व्याख्यान दहा मिनिटांचे, उरलेला वेळ कपाटांपाशी आणि संगणकापाशी. प्रत्येकाला एक 'शोधवही' ठेवावी लागे. एका मुलाच्या वहीतले पान मला आजही आठवते. डाव्या बाजूला त्याने वापरलेले शब्द ओळीने लिहिले होते, त्यांच्यापुढे ते कोठे शोधले, किती नोंदी मिळाल्या, त्यांतल्या किती उपयोगी निघाल्या, आणि शेवटच्या रकान्यात 'का जमले नाही' हे त्याच्या गिचमिड अक्षरांत. सातव्या ओळीत त्याने लिहिले होते, 'शब्द फार मोठा घेतला, तालुक्याचे नाव जोडून पाहावे.' त्या ओळीसाठी मी त्याला पैकीच्या पैकी गुण दिले असते, पण त्या वर्गाला गुण नव्हतेच. गुण नसल्यामुळे परीक्षा जवळ आल्या की मुले येईनाशी होत. हा वर्ग श्रेयांकांसह अभ्यासक्रमात घ्यावा, असा प्रस्ताव आम्ही रीतसर पाठवला होता. 'ग्रंथालयशास्त्राचा स्वतंत्र अभ्यासक्रम उपलब्ध आहे', असा शेरा मारून तो परत आला. ग्रंथालयशास्त्र हे ग्रंथपाल होणाऱ्यांसाठी असते, आणि आम्ही ग्रंथालय वापरणाऱ्यांबद्दल बोलत होतो, हे समजावून सांगण्याची संधीही आम्हाला मिळाली नाही.

काही प्राध्यापक म्हणतात की आता सगळे मोबाइलवर आहे, ग्रंथालयाचे कौशल्य शिकवून काय उपयोग. मोबाइलवर पुष्कळ आहे हे खरेच आहे, आणि म्हणूनच काय निवडावे, कशावर विश्वास ठेवावा आणि मिळालेली माहिती मूळ ठिकाणी जाऊन कशी पडताळावी, हे शिकवण्याची गरज पूर्वीपेक्षा वाढली आहे. मी सुरुवातीला सांगितलेली खोटी यादी शेवटी पकडली गेली ती बांधीव खंड उघडल्यामुळे. वेळापत्रकात जागा नाही, हा आक्षेप मात्र मी गांभीर्याने घेते. नव्या रचनेत विषयांची गर्दी झाली आहे आणि शिक्षकांवरील ताण मी जवळून पाहिला आहे. तरीही कौशल्याधारित विषयांसाठी जे श्रेयांक राखलेले आहेत, त्यांतून दोन श्रेयांक या कामासाठी काढणे अशक्य नाही.

माझी सूचना अशी आहे. दुसऱ्या वर्षी, क्षेत्रप्रकल्प सुरू होण्यापूर्वी, सर्व शाखांना २ श्रेयांकांचा एक विषय असावा. तो विषयशिक्षक आणि ग्रंथपाल यांनी मिळून शिकवावा, कारण प्रश्नाची जाण शिक्षकाला असते आणि वाटांची जाण ग्रंथपालाला. त्याची लेखी परीक्षा घेऊ नये. तशी परीक्षा ठेवली की ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथनांचे १९३१चे पाच सिद्धांत पाठ करून मुले मोकळी होतील आणि वाचकाचा वेळ वाचवा म्हणजे नेमके काय करायचे हे त्यांना कधीच कळणार नाही. मूल्यमापन शोधवहीचे व्हावे, आणि विद्यार्थ्याने दिलेल्या संदर्भांपैकी कोणतेही तीन परीक्षकासमोर प्रत्यक्ष काढून दाखवावेत, एवढे पुरे. मराठी माध्यमाच्या मुलांसाठी मराठी साधनांचा भाग त्यात सक्तीचा असावा. ज्या महाविद्यालयात ग्रंथपालाचे पद रिकामे आहे, तेथे ते आधी भरावे, कारण नेट किंवा सेट उत्तीर्ण झालेले आणि काम करायला तयार असलेले तरुण ग्रंथपाल घरी बसून जाहिरातीची वाट पाहत आहेत.

त्या मुलीचा प्रकल्प पूर्ण झाला. त्यात नऊ संदर्भ आहेत आणि ते नऊही तिने स्वतः वाचलेले आहेत. आपल्या दैनिकाच्या माध्यमातून राज्यातील विद्यापीठांना माझी विनंती आहे की पुढील वर्षाच्या अभ्यासक्रमाचा विचार करताना अभ्यासमंडळांनी किमान एका ग्रंथपालाला निमंत्रित म्हणून बोलवावे. अशा वर्गाची आखणी करण्यासाठी आमच्या सहा वर्षांच्या टिपणांचा कोणाला उपयोग होणार असेल, तर ती देण्यास आणि सुरुवातीचे काही वर्ग विनामोबदला घेण्यास मी तयार आहे.

आपली विश्वासू,
एक निवृत्त महाविद्यालयीन ग्रंथपाल, जि. सातारा